पाठपोट

दारावरची पाटी वाचली आणि मुकुंदराव डिग्रजकरांचे पाय जागच्या जागी थिजले. 'डॉ. तस्नीम मुजावर, यकृत शस्त्रक्रिया.' याच नावाचं एक पत्र त्यांच्या टेबलाच्या खणात दोन वर्षं पडून होतं आणि त्यांनी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं.

पत्र हाताने लिहिलेलं होतं, हेच मुळात नवल. पोस्टमन आता घरोघर फक्त खोकी पोचवत असे. त्या दिवशी पाकीट घेऊन आला तेव्हा मुकुंदरावांपेक्षा तोच जास्त हरखला होता. मिरजेच्या कुणा डॉक्टरबाईंनी मुकुंदरावांचा एक जुना लेख कुठूनतरी हुडकून काढून वाचला होता. सांगलीच्या कृष्णाकाठ दप्तरखान्यात मुकुंदरावांनी नोकरीभर एकच काम केलं, जुन्या मोडी कागदांचे फोटो काढायचं. पाठपोट लिहिलेला, म्हणजे दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद जीर्ण झाला की पाठची शाई पुढे उमटते आणि दोन मजकुरांचा काला होऊन बसतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त उजेडात एक फोटो समोरून उजेड टाकून आणि एक मागून उजेड सोडून घेतला, की दोन्ही ताडून तो काला निवडता येतो. लेख एवढाच होता. एका संशोधन त्रैमासिकात तो छापून आला, चार जणांनी चाळला आणि विस्मरणात गेला.

डॉक्टरबाईंचा प्रश्न त्यातल्या एका वाक्यापुरता होता. 'मागून सोडलेला उजेड कडेने सांडू नये म्हणून नेहमीची काळजी घेतली, असं आपण लिहिलं आहे. ही नेहमीची काळजी म्हणजे नेमकं काय?'

आणि नेमकं तेच मुकुंदरावांना आठवेना. काय काळजी घेतली होती? बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून हातमोजे? खिडकीला पडदा? 'आठवत नाही' असं लिहावं, तर बाई म्हणायच्या, या गृहस्थाने मुळात हे केलंच नसावं. त्यांनी मसुदे केले. पहिल्यात स्वतःच्या अपात्रतेबद्दल चार पानं झाली. दुसरा इतका त्रोटक झाला की उद्धट वाटला. आज नको, उद्या बघू, असं करता करता पत्र खणाच्या तळाशी गेलं.

"अहो, पाटी पाठ करताय काय? चला की आत," वैजयंतीबाई म्हणाल्या. आयुष्यभर कन्याशाळेत पी.टी. शिकवल्यामुळे त्यांचं साधं बोलणंही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचायचं. बाकावरचे चार पेशंट वळून बघायला लागले.

"वैजू, आपण पुण्याला दाखवूया का?"

"का? इथं काय खोट आहे?"

"खोट नाही. या बाईंचं मला एकदा पत्र आलं होतं."

"मग?"

"उत्तर द्यायचं राहिलं."

वैजयंतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आपल्या लिव्हरमध्ये लिंबाएवढी गाठ आहे आणि ती साधी नाही, हे कळून आठवडाही झाला नव्हता. तरी त्यांना हसू आवरेना. "म्हणजे तुमच्या एका पाकिटापायी मी पुण्याला जाऊन मरू? चला!" आणि दंडाला धरून त्यांनी नवऱ्याला आत नेलं.

डॉ. तस्नीम मुजावर चाळिशीच्या, बुटक्या आणि चटपटीत होत्या. फाईलवरचं आडनाव वाचून त्यांनी मान वर केली. "डिग्रजकर? दप्तरखान्यातले?"

मुकुंदराव खोकले.

"हेच ते," वैजयंतीबाईंनी माफीचा साक्षीदार व्हायला वेळ लावला नाही. "उत्तर न देणारे."

"काय ओ काका!" डॉक्टर खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "रोज टपाल बघायची मी. आमचा शिपाई विचारायचा, मॅडम, स्थळ वगैरे आहे का?" मुकुंदरावांना जमीन दुभंगली तर बरं असं झालं. पण बाईंनी लगेच आवाज बदलला. "ते नंतर. आधी ताईंचं बघू."

त्यांनी कागदावर लिव्हरचं चित्र काढलं. तरुणपणी झालेल्या काविळीने ताईंचं लिव्हर आतून निबर झालेलं. गाठ डावीकडे. डावा भाग काढून टाकला तर गाठ जाईल, आणि उरलेल्या उजव्या भागावर ताई चांगल्या जगतील. मात्र उजव्या भागात दुसरी गाठ नको. तिथलंही कापावं लागलं, तर या निबर लिव्हरमध्ये पुरेसं काही उरणार नाही.

"आणि ते ठरवायचं कसं?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"रंग देऊन. आज शिरेतून एक हिरवं औषध देऊ. या रंगाचं घराणं जुनंच आहे, मूळचं फोटोच्या फिल्मसाठी बनवलेलं." इथे त्यांनी मुकुंदरावांकडे एक कटाक्ष टाकला. "निरोगी लिव्हर तो रंग पित्तातून बाहेर टाकतं. गाठीच्या पेशी तो पितात, पण त्यांना तो टाकता येत नाही. थोडे दिवस थांबायचं, मग अवरक्त उजेड पाडायचा. बाकीचं लिव्हर काळोखात आणि गाठ दिव्यासारखी. पूर्वी हे पृष्ठभागापुरतंच दिसायचं. आताचा नवा रंग आणि नवे कॅमेरे पार आरपारचं दाखवतात. आधी दुर्बिणीतून नुसतं बघून घेऊ, मगच कापायचं की नाही ते ठरवू."

ठरल्या दिवशी त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि संध्याकाळी दोघांना बोलावून घेतलं. पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरट हिरवी गाठ लखलखत होती. पण बाईंचं बोट तिच्यावर नव्हतं. कापायच्या रेषेच्या पलीकडे, जो भाग राखायचा त्या भागात, एक फिकट डाग होता. ओल्या टिपकागदावर शाई फुटावी तसा.

"हा काय आहे ते कळत नाही. लिव्हरच्या पोटात खोल बसलेली दुसरी गाठ असली, तर ऑपरेशन करता येत नाही. पण पार पाठीमागच्या पृष्ठभागावर नुसती गुठळी असली आणि तिचा उजेड झिरपून पुढे येत असला, तर घाबरायचं कारण नाही. निबर लिव्हरला अशा निरुपद्रवी गुठळ्या येतात, त्याही रंग धरतात, पण वरच्यावर काढता येतात. सुई घालून तुकडा घ्यावा, तर शेजारी मोठी शीर आहे." त्यांनी मान हलवली. "मामा म्हणतात खोल गाठ, कापू नका."

"कोण मामा?"

"आमचा सल्ला देणारा प्रोग्राम. सगळे त्याला मामा म्हणतात. हजारो केसेस वाचून बसलाय, पण या डागाला पाठ आहे की पोट, ते त्यालाही एका फोटोवरून कळत नाही."

मुकुंदराव पडद्याकडे बघत राहिले. हा डाग त्यांच्या ओळखीचा होता. असे डाग त्यांनी जन्मभर पाहिले होते.

"म्हणूनच तुम्हाला लिहिलं होतं, काका," डॉक्टर म्हणाल्या. "लिव्हर उलटवून बघायचं तर आधाराच्या बारीक शिरा तोडाव्या लागतात, आणि ते कापायचं नक्की झाल्याशिवाय करायचं नाही. म्हणून ते थोडं उचलून खाली उजेडाची पातळ पट्टी सरकवायची. एकदा समोरून उजेड, एकदा मागून. जे पाठीला चिकटून असेल ते मागच्या उजेडात कितीतरी पटीने उजळणार. पट्टी तयार आहे, गणितही मांडलंय. पण कडेने उजेड असा सांडतो की कॅमेरा आंधळा होतो. बघा." त्यांनी एक चित्रफीत लावली. बोकडाची कलेजी, तिच्याखाली पट्टी, पट्टीच्या कडेला रबराची झालर. सगळं एका पांढऱ्या लोळात बुडालेलं. "झालर चांगली काळीकुट्ट आहे. हातात घेऊन बघा. तरी हे असं."

वैजयंतीबाईंना इतका वेळ गप्प बसायची सवय नव्हती. "थोडक्यात, माझ्या काळजाची काळजी यांच्या गळ्यात पडली म्हणायची," त्या म्हणाल्या.

मुकुंदराव एकदम उभे राहिले. हातातली काळी झालर, पडद्यावरची पांढरी झालर. काळं, आणि पांढरं. दप्तरखान्यात त्यांनी पहिल्यांदा काय लावलं होतं? छत्रीचं कापड! नवं कोरं काळं कापड, आणि फोटोत ते धुतल्या धोतरासारखं पांढरं आलं होतं. डोळ्यांना काळा दिसणारा रंग अवरक्त उजेडाला काळा असेलच असं नाही; पुष्कळसे काळे रंग तो उजेड सरळ परतवून लावतात. त्याच फोटोत खरोखर काळं काय होतं? पोथीवरची अक्षरं. दिव्याची काजळी धरून केलेल्या शाईची अक्षरं.

"तो शब्द काळजी नाही," ते म्हणाले.

"मग?"

"काजळी." त्यांनी झालर टेबलावर टाकली. "'नेहमीची काजळी घेतली' असं लिहिलं होतं मी, कडेच्या कापडाला फासायला. छापणाऱ्याने शुद्ध करून दिलं."

मग तस्नीमबाई टेबलावर थाप मारून इतक्या हसल्या की सिस्टर दारात येऊन बघून गेल्या. "दोन वर्षं, काका! दोन वर्षं मी काळजी घेत बसले!"

"तुम्ही छापलेलं वाचलं नव्हतं?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"आपलं छापलेलं वाचवत नाही मला."

"कठीण आहे."

पुढचे दिवस मुकुंदरावांनी असे घालवले, की आपणच का ते, असा त्यांना प्रश्न पडावा. बाईंनी सिलिकॉनमध्ये काजळीची पूड घोटून नवी झालर करून घेतली, अंगाला न लागणारी, वाफेत शुद्ध होणारी. रोज सकाळी खाटकाकडून कलेजी यायची. शाकाहारी मुकुंदराव नाकाला रुमाल लावून कॅमेऱ्यापाशी बसायचे. बाई रंगाचे मणी कधी वर, कधी मध्ये, कधी तळाशी पेरायच्या आणि ते त्यांना ओळखायला लावायच्या. नव्या झालरीने उजेड गिळून टाकला. कडा कोळशासारखी काळी राहिली. मागून उजेड सोडला की वरचा मणी विझल्यासारखा व्हायचा आणि तळचा पेटायचा. पेरलेला एकही मणी चुकला नाही. मुकुंदरावांचा नाही, आणि बाईंच्या गणिताचाही नाही. दवाखान्याच्या समितीनेही बघून परवानगी दिली.

तरी मुकुंदरावांचा जीव थाऱ्यावर नव्हता. "डॉक्टर, आमच्याकडे एक रीत होती," ते एकदा म्हणाले. "आपल्या घराण्याचा कागद आपण वाचायचा नाही. वाद असलेला असेल तर मुळीच नाही. माणसाला जे हवं असतं तेच दिसतं."

"मग घरचाच कागद आला तर काय करायचात?"

"दोघांनी वेगवेगळा वाचायचा. एकाचं दुसऱ्याने बघायचं नाही. मग ताडायचं."

"मग तसंच करू. माझा आकडा मी झाकून ठेवीन."

संमतिपत्र समोर आलं तेव्हा वैजयंतीबाईंनी पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. डॉक्टरांनी काहीच लपवलं नव्हतं. डाग पाठचा निघाला, तर सुटका. पोटचा निघाला, तर पोट फाडून तसंच शिवायचं आणि मग औषधांवर काढता येतील तेवढे दिवस काढायचे. आणि वाचण्यात चूक झाली, तर त्याहून वाईट.

"तुम्ही काय म्हणता?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"तसं बघायला गेलं तर पद्धत बरी आहे, पण बोकडाचं लिव्हर वेगळं, माणसाचं..."

"हो की नाही?"

"एवढ्यावरून छातीठोकपणे सांगता येत नाही, वैजू. मी कोण..."

"अहो, लग्नातसुद्धा तुम्ही हो म्हणाल्याचं मला आठवत नाही. तुमच्या वतीने भटजीच म्हणाले." त्यांचा आवाज खाली आला. इतका खाली, की मुकुंदरावांना पुढे वाकावं लागलं. "मला मामा नको, गणित नको. जन्मभर तुम्ही दुसऱ्यांची फुटकी अक्षरं वाचलीत. माझं वाचाल का? एवढंच सांगा."

"हो," ते म्हणाले.

"पण?"

"पण नाही."

वैजयंतीबाईंनी सही ठोकली.

ऑपरेशनच्या दिवशी थिएटरला लागून असलेल्या काचेच्या खोलीत मुकुंदरावांना बसवलं होतं. समोर पडदा आणि बोलायला एक माईक. वैजयंतीबाई हिरव्या कापडांखाली कुठेतरी होत्या. एवढ्या लोकांत एवढ्या शांत त्या कधीच नव्हत्या. डॉक्टरांनी लिव्हर उघडं केलं. दिवे मंदावले. समोरचा उजेड पडला. डावीकडे गाठ लखलखली आणि रेषेपलीकडे तो डाग, फिकट, फुटका.

"पट्टी," डॉक्टर म्हणाल्या. जीर्ण कागद उचलावा तसं त्यांनी लिव्हर हळूच उचललं आणि खाली पट्टी सरकवली. "मागचा उजेड."

पडदा क्षणभर पूर्ण काळा झाला. झालरीची कडा शोधूनही सापडत नव्हती. मग चित्र उमटलं. मुकुंदरावांनी आधी गाठ पाहिली. ती पुढच्या बाजूची. राखेखालच्या निखाऱ्यासारखी मंदावली होती. मग त्यांनी नजर रेषेपलीकडे नेली.

"काका," स्पीकरमधून आवाज आला, "आकडा आलाय, कागदाखाली झाकलाय. सिस्टरनेसुद्धा पाहिलेला नाही. वाचा."

मुकुंदराव पडद्याकडे वाकले. त्यांना जे दिसत होतं तेच त्यांना हवं होतं, म्हणून त्यांचा विश्वास बसत नव्हता. त्यांनी डोळे मिटले. उघडले. समोरचं चित्र, मागचं चित्र, पुन्हा समोरचं. कडेने सांडलेला उजेड असता तर काठाशी दाट झाला असता. काठ तर काळा ठिक्कर आहे. पोटात खोल असतं तर दोन्ही उजेडांत जवळजवळ सारखं दिसलं असतं. सारखं नाही. समोरून जेमतेम दिसणारा तो डाग आता भर दुपारसारखा पेटला होता. हे घरचं अक्षर होतं खरं. पण अक्षर होतं, आणि अक्षर त्यांना वाचता येत होतं.

"पाठचं आहे," ते म्हणाले.

'तरीही' हा शब्द सवयीने जिभेवर आला. तो त्यांनी गिळला.

कागद सरकल्याचा आवाज ऐकू आला. मग डॉक्टरांचा, मास्कमधूनही हसरा वाटणारा आवाज. "आकडाही पाठचंच म्हणतोय. ताडून झालं. चला, पान उलटू या!"

बारीक शिरा सोडवून त्यांनी लिव्हरची खालची बाजू वर घेतली. मोठ्या शिरेपासून जराशी दूर, पृष्ठभागावर, हरभऱ्याएवढी एक गुठळी बसलेली होती. ती पातळ कापा घेऊन काढली आणि लगोलग तपासायला धाडली. निरोप येईपर्यंत कुणी कुणाकडे बघितलं नाही. निरोप आला: निरुपद्रवी. भूलतज्ज्ञ मोठ्याने म्हणाले, "मामांना विचारा आता!" कुणीतरी विचारलं. दोन्ही फोटो पाहून मामांनी मत बदललं होतं. ऑपरेशन करावं, असं त्यांचंही म्हणणं पडलं. थिएटरमध्ये हशा उसळला. काचेच्या खोलीत मुकुंदराव चष्मा पुसत होते, आणि तो काही केल्या कोरडा होत नव्हता.

डावा भाग गाठीसकट बाहेर आला. कापलेल्या कडेवर उजेड पाडला, तर कुठे एक ठिणगी नाही. नुसता स्वच्छ काळोख. इतका सुंदर काळोख मुकुंदरावांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

वैजयंतीबाईंनी डोळे उघडले तेव्हा ओठ सुकले होते, पण हजेरी घ्यायची खोड गेली नव्हती. "वाचलंत का नीट?"

मुकुंदरावांनी त्यांचा हात धरला, सिस्टरच्या देखत. "वाचलीस," ते म्हणाले.

उरलेलं लिव्हर महिन्या-महिन्याने भरत गेलं. वैजयंतीबाई आधी काठी घेऊन, मग काठी काखोटीला मारून आणि पुढे काठीशिवाय नदीकाठी फिरायला जाऊ लागल्या. प्रत्येक तपासणीत पडदा काळा. तिकडे काजळीच्या पट्टीचा बोभाटा झाला. पुण्याहून, हुबळीहून सर्जन मिरजेला येऊन बघून गेले. ज्यांना कापता येणार नाही म्हणून परत पाठवलं होतं, अशा काहींना डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं, आणि त्यांतले बरेच जण आता आपापल्या घरी जेवत होते. तस्नीमबाईंनी या सगळ्यावर लेख लिहिला आणि लेखक म्हणून दोन नावं घातली.

"माझं नको," मुकुंदराव फोनवर म्हणाले. "मी काय केलं? एक शब्द तर सांगितला."

"बरं. नावाचं नंतर भांडू. पण त्या शब्दाला आधार काय दाखवू? छापलंय तर 'काळजी'. मी विचारलं पत्राने, उत्तरही पत्रानेच पाहिजे. ते आल्याशिवाय लेख पाठवत नाही. इकडं चार दवाखाने लेखाची वाट बघत बसलेत, तुमच्या जिवावर." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

मुकुंदरावांनी खण उघडला. जुने मसुदे वाचलेही नाहीत. खालून कोरा कागद काढला आणि लिहिलं:

'आपल्या पत्रास उत्तर. माझ्या लेखात "नेहमीची काळजी घेतली" याऐवजी "नेहमीची काजळी घेतली" असे वाचावे. पद्धत खात्रीची आहे. कळावे, मुकुंद डिग्रजकर.'

'खात्रीची' या शब्दापाशी पेन जरा घुटमळलं. मग त्यांनी त्याच्याखाली रेघ ओढली.

"बघू," म्हणून वैजयंतीबाईंनी कागद ओढून घेतला. वाचला, उलटा केला आणि पाठीमागे आपल्या ठसठशीत अक्षरात, बॉलपेन दाबून दाबून लिहिलं: 'ईदला आम्ही दोघं येणार. शिरखुर्मा भरपूर करणे. यांना बोलतं ठेवण्याची जबाबदारी माझी.' त्यांची अक्षरं पुढच्या बाजूला उमटली, मुकुंदरावांच्या ओळींमधून.

"अगं, पाठपोट झालं ना!"

"तिला येतं निवडायला," बाई म्हणाल्या.

सांगलीत आता लाल पेटी एकच उरली होती, मोठ्या पोस्टापाशी. वैजयंतीबाईंनी स्कूटर फाटकाशी उभी केली. मुकुंदराव उतरून गेले. पेटीच्या तोंडात पाकीट अर्धं घालून ते थांबले. फाटकाकडून मैदानी आवाज आला, "टाकलंत का?"

मुकुंदरावांनी हात मोकळा केला. आत, तळाशी, पाकीट पडल्याचा आवाज झाला.

"टाकलं!" ते ओरडले. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. त्यांनी बघू दिलं.